ओकच्या जंगलातली ती काळी फळं कामोणी नाहीत (आणि बी साताऱ्याला नेऊ नका)

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ॲरिझोनात फिनिक्सजवळच्या चँडलरला राहता, सप्टेंबरात सगळे मिळून दक्षिण ॲरिझोनात मेक्सिको बॉर्डरजवळच्या डोंगरात हाइकला गेलात, वर ओकच्या झाडीत ओढ्याकाठी गुडघाभर उंचीचं पसरट झुडूप दिसलं, काळी चकचकीत फळं आणि प्रत्येक फळाखाली पाच टोकांची हिरवी चकती. साताऱ्याहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, अगं ही आपली कामोणी, लहानपणी बांधावरची ओंजळभर खायचो, आणि त्या तोंडात टाकणार तेवढ्यात तुम्ही हात धरलात. त्या अजून फुगून बसल्यात. तर हे कामोणीच का, खाल्लं तर चालतं का आणि याचं बी साताऱ्याला नेऊन लावता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

मी इकडे स्थानिक झाडांच्या नर्सरीत काम करतो आणि पावसाळ्याच्या सीझनला लोकांना डोंगरात झाडं दाखवत फिरवतो, त्यामुळे हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारतंच, पण सासूबाईंसकट पहिल्यांदाच आला. सरळ सांगायचं तर हात धरलात ते बरोबर केलंत, आणि सासूबाईंचंही फार चुकलं नाही कारण फळ खाण्यासारखंच निघालं. फक्त ती कामोणी नाही. तुमच्या फोटोत फळाबरोबर फूलही आलंय म्हणून एवढ्या खात्रीने बोलतोय, नुसत्या फळाचा फोटो असता तर मी गप्प बसलो असतो.

याचं शास्त्रीय नाव जाल्टोमाटा प्रोकुंबेन्स. मेक्सिकोत हाल्तोमाते म्हणतात. टोमॅटो, बटाटा, वांगं, मिरची, तंबाखू, धोत्रा हे जे एक भलंमोठं कुटुंब आहे ना त्यातलंच हे, आणि त्यातही नातं अगदी जवळचं, कारण टोमॅटो-बटाटा-वांगी ज्या सोलॅनम वंशात येतात त्याची सख्खी बहीण म्हणजे हा जाल्टोमाटा वंश. कामोणी पण सोलॅनमच. म्हणजे सासूबाईंनी घराणं बरोबर ओळखलं, घर चुकलं.

दक्षिण ॲरिझोनापासून मेक्सिको, मध्य अमेरिका करत पार दक्षिण अमेरिकेच्या वायव्य टोकापर्यंत हे झाड सापडतं. इकडे आपल्याला ते दिसतं ते वाळवंटातून एकदम वर उठलेल्या डोंगरांवर, ज्यांना इथे स्काय आयलंड म्हणतात. खाली निवडुंग आणि चाळीसच्या वर टेंपरेचर, आणि गाडीने तासभर वर चढलं की ओक, त्याच्यावर ओक-पाइन मिसळलेलं. एमरी ओक, ॲरिझोना व्हाइट ओक, पानाची खालची बाजू रुपेरी असलेला सिल्व्हरलीफ ओक, असले ओक तिथे. (आपल्याकडे बागेत, चहा-कॉफीच्या मळ्यात जो सिल्व्हर ओक लावतात तो ओक नव्हेच, ते ऑस्ट्रेलियातलं वेगळंच झाड. सह्याद्रीत खरा ओक जंगली उगवतच नाही, तो बघायचा तर उत्तराखंडात बांजच्या जंगलात जायला लागतं.) आणि इकडे मान्सून असतो हे नवीन आलेल्या लोकांना खरं वाटत नाही, पण जुलै ते सप्टेंबर दुपारचे जोरदार पाऊस पडतात आणि त्या दोन-अडीच महिन्यांत हे झाड जमिनीतल्या जाड मुळापासून फुटतं, वाढतं, फुलतं, फळतं आणि थंडी पडली की वरचं सगळं वाळून जातं. मूळ खाली जिवंत राहतं. म्हणून एकदा जागा सापडली की पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला तर बहुतेक तिथेच परत दिसतं.

आता ओळख, आणि हे जरा सावकाश वाचा.

फुलापासून सुरू करा. कामोणीचं फूल तुम्ही पाहिलं असेल, पांढरं, पाच पाकळ्या जवळजवळ बुडापर्यंत चिरलेल्या आणि मागे वळलेल्या, मधे पिवळ्या परागकोशांचा एकत्र जुळलेला शंकू. टोमॅटोचं, वांग्याचं पण तसंच. त्या परागकोशांना टोकाशी भोकं असतात आणि पराग त्यातून पडतो. जाल्टोमाटाचं फूल चपटं उघडतं, थाळीसारखं सपाट, फिकट हिरवट-पांढरं, कडा थोड्याच कातरलेल्या, आणि आत बुडाशी हिरवे ठिपके. परागकोश एकमेकांपासून सुटे असतात आणि उभे चिरून उघडतात. साधं दहापट भिंग असलं तरी दिसतं. यातली मजा म्हणजे एकाच झाडावर दोन वेगळी फुलं असल्यासारखं वाटतं, कारण फूल उघडतं तेव्हा मधला स्त्रीकेसर तयार असतो पण पुंकेसर आखूड आणि परागकोश मिटलेले, मग नंतर पुंकेसरांचे दांडे लांब होतात आणि परागकोश फुटतात. म्हणजे आधी बाई तयार, मागून बुवा. नवशिक्यांना मी मुद्दाम दोन्ही अवस्थेतली फुलं शेजारी शेजारी धरून दाखवतो, नाहीतर ते म्हणतात फोटोतलं झाड वेगळं होतं.

मग फळ. कामोणीचं फळ छोटं, वाटाण्याहून लहान, आणि त्याच्या देठाकडची हिरवी टोपी इवलीशी, फळाला चिकटलेली नाहीतर मागे दुमडलेली. जाल्टोमाटात फळ वाढतं तशी ती टोपी पण वाढते आणि पसरून सपाट होते, फळ तिच्या मधोमध बसतं. फळ मोठ्या वाटाण्याएवढं, पाऊस चांगला झाला तर छोट्या करवंदाच्या जवळपास. पिकल्यावर जांभळट काळं, चकचकीत, दाबलं तर मऊ, आत टोमॅटोसारखा गर आणि बारीक चपट्या बियांचा गच्चा, बोटं जांभळी होतात. चिरबोटी किंवा रसभरीत ही टोपी फुग्यासारखी वाढून फळाला पूर्ण झाकते, ते तर लांबूनच कळतं. खोडाला हात लावून बघा, गोल नसतं, कंगोरे लागतात.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल झालं, फळाखाली पाच टोकांची हिरवी चकती दिसली की खायचं. नाही! याच एका कारणासाठी एवढं लांब लिहितोय.

फळाखाली पसरलेली पाच टोकांची हिरवी चकती आणि त्यावर एकच काळं चकचकीत गोड फळ, हे वर्णन बेलाडोनाला पण जसंच्या तसं लागू पडतं, म्हणजे युरोपातली कुप्रसिद्ध डेडली नाइटशेड. नुसतं मी म्हणत नाही, माद्रिदमध्ये काम करणाऱ्या कावानियेस या स्पॅनिश वनस्पतीशास्त्रज्ञाने १७९१ मध्ये आपल्या या गरीब झाडाचं पहिलं वर्णन केलं तेव्हा त्यालाही ते बेलाडोनाच्याच वंशात घालावंसं वाटलं, त्याने नाव दिलं ॲट्रोपा प्रोकुंबेन्स. आजचं नाव मिळायला १९७३ साल उजाडावं लागलं. तज्ज्ञ माणसाने एकदा ज्याला बेलाडोनाचं भावंड समजलं ते तुम्ही-आम्ही ट्रेकच्या घाईत वेगळं ओळखू अशा भ्रमात राहू नये.

ॲरिझोनातल्या या डोंगरांत बेलाडोना मूळचा नाही, म्हणून इथे ही खूण त्यातल्या त्यात सेफ आहे. पण समजा तुमची मुलगी इथे हे शिकली आणि पुढच्या वर्षी मावशीबरोबर हिमाचलला किंवा काश्मीरला ट्रेकला गेली. तिथे हिमालयात साधारण सहा हजार फुटांच्या वर भारतीय बेलाडोना आहे, ॲट्रोपा ॲक्युमिनाटा, हिंदीत अंगूरशफा म्हणतात. जंगल डोंगरी, झुडूप तसंच, काळं फळ तसंच, खाली हिरवी चकती तशीच. तिथे ॲरिझोनाचा नियम लावला तर मूल हॉस्पिटलात. म्हणून मी शिकवताना झाडाआधी जागा विचारतो, कुठला खंड, कुठला डोंगर, किती उंची, तिथे या कुटुंबातलं दुसरं कोण कोण राहतं. खाण्याची खूण ही त्या जागेपुरतीच असते, ती पासपोर्टवर शिक्का मारून दुसरीकडे नेता येत नाही.

दोन्हीतला फरक फुलात आहे. बेलाडोनाचं फूल घंटेसारखं, खाली लोंबणारं, मळकट जांभळट तपकिरी, आपल्या हिमालयातल्याचं पिवळसर, आणि साधारण एकेकटं येतं. जाल्टोमाटाचं चपटं हिरवट-पांढरं आणि बऱ्याचदा एका जागेवरून तीन-चार फुलं घोसात. फूल नसेल तर निर्णय नाही. फळ पिकलंय पण झाडावर एकही फूल शिल्लक नाही अशी वेळ येते, तेव्हा फोटो काढून पुढे चालायचं, बस.

बेलाडोना आणि धोत्र्यात विष एकाच जातीचं, ॲट्रोपिन आणि त्याचे भाऊबंद. तोंडाला कोरड पडते, बुबुळं मोठी होतात, चेहरा लाल, छातीत धडधड, लघवी अडते, माणूस असंबद्ध बडबडायला लागतो, नसलेल्या वस्तू हवेतून उचलायला जातो. लहान मुलाला चार-दोन फळं पण पुरतात. आणि चव गोडसर असते, म्हणून "कडू लागलं तर थुंकून टाकू" ही युक्ती इथे चालत नाही. "पक्षी खातात म्हणजे माणसाला चालतं" हे पण डोक्यातून काढा, पक्षी बेलाडोनाची फळं मजेत खातात, आणि काही सशांच्या रक्तात तर ॲट्रोपिन तोडणारं एन्झाइमच असतं. अमेरिकेत कोणी काही शंकास्पद खाल्लं तर लक्षणांची वाट न बघता पॉयझन कंट्रोलला फोन करा, १-८००-२२२-१२२२, चोवीस तास चालू असतो. माणूस बेशुद्ध किंवा श्वास नीट नाही तर सरळ ९११.

ॲरिझोनात खालच्या पट्ट्यात या कुटुंबातले आणखी दोघे भेटतील. एक इथला धोत्रा, मोठी पांढरी कर्ण्यासारखी फुलं आणि काटेरी बोंड, तो तुम्ही ओळखालच. दुसरं सिल्व्हरलीफ नाइटशेड, रस्त्याच्या कडेला, राखाडी पानं, जांभळी फुलं, बारीक काटे आणि पिवळी गोळ्यांसारखी फळं, बघून गावाकडच्या भुईरिंगणीची आठवण येईल. ते विषारी, गुरांना पण. आणि कामोणीचे जवळचे भाऊबंद इथेही आहेत, त्याच ओढ्यांत, त्यामुळे सासूबाईंना खरी कामोणीसारखी दिसणारी वनस्पती पण भेटेल कधीतरी. माझं मत विचाराल तर ती इथे खाऊ नका. गावाकडे जी कामोणी पिढ्यान् पिढ्या खाल्ली जाते, तमिळ लोक जिची पानं शिजवतात आणि फळं ताकात भिजवून वाळवून मनतक्काळी वत्तल करतात, ती त्या त्या गावातल्या माणसांनी खाऊन पारखलेली. इथली दिसायला सारखी असली तरी पारखणारं माणूस शेजारी नाहीये.

हाल्तोमाते खायचंच असेल तर फक्त पूर्ण काळं, मऊ झालेलं फळ. हिरवं नाही, अर्धवट जांभळं नाही, पानं नाहीत. या कुटुंबात बऱ्याच झाडांच्या कच्च्या फळात ग्लायकोअल्कलॉइड नावाची विषारी द्रव्यं जास्त असतात आणि पिकताना कमी होतात, हिरव्या पडलेल्या बटाट्याचं तेच प्रकरण आहे. पहिल्यांदा एक-दोनच फळं खायची, टोमॅटो-वांग्याची ॲलर्जी असणाऱ्याने अजिबात नाही, आणि लहान मुलांना जंगलात तोडून तोंडात टाकायची सवय लावायचीच नाही, मग झाड कुठलंही असो. चव चांगली असते, द्राक्ष आणि गोड टोमॅटोच्या मधली, पण जाम करण्याएवढी फळं जंगलातून गोळा करू नये असं मला वाटतं, एकेका झाडावर पिकलेली मोजकीच असतात आणि ती पक्ष्यांच्या वाटणीची. शिवाय हे बहुतेक डोंगर कोरोनाडो नॅशनल फॉरेस्टमध्ये येतात, काही भाग नॅशनल मॉन्युमेंटमध्ये, दोन्हीचे नियम वेगळे, तोडण्याआधी रेंजर ऑफिसला विचारून घ्या. दुपारच्या आत उतरा ते वेगळंच, पावसाळ्यात कड्यावर वीज पडते. आणि ओढ्यात तीन-तीन पानांचं, अंगाला लागलं की खाज-पुरळ उठवणारं पॉयझन आयव्ही असतं, फळं शोधताना लोक नेमके त्यात गुडघे टेकतात.

बॉर्डरच्या पलीकडे गेलं की मग या झाडाची खरी गंमत. सिएरा माद्रे ओक्सिदेंताल म्हणजे चिवावा राज्यातल्या ओक-पाइनच्या डोंगरात रारामुरी लोक राहतात, बाहेरचे त्यांना ताराहुमारा म्हणतात, लांब पल्ल्याच्या पळण्यासाठी जगभर नाव झालंय ते हेच. त्यांच्या मक्याच्या शेतात हे झाड आपोआप उगवतं. रॉबर्ट बाय आणि टिल्टन डेव्हिस या दोघांनी १९८२ साली मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जाल्टोमाटावर लिहिलंय ते याच विषयावर, की रानातून तोडून खाणं, मग शेतात उगवलेलं न उपटणं, मग मुद्दाम जपणं, अशा पायऱ्यांनी एखादं रानटी झाड हळूहळू माणसाळत कसं जातं. सासूबाईंना हे सांगून बघा, त्यांना लगेच कळेल. भांगलण करताना बाया सगळं तण काढतात पण तांदुळजा, चिघळ, कुर्डू मुद्दाम ठेवतात की नाही, संध्याकाळच्या भाजीला? तोच प्रकार. पेरलेलंही नाही आणि रानटीही नाही, मधलंच काहीतरी. तिकडे मका, घेवडा, भोपळा एकत्र लावायची जी पद्धत आहे ती मिल्पा, आणि कोरेगावच्या ज्या वाघ्या घेवड्याचा सातारकरांना एवढा अभिमान आहे त्या घेवड्याचे पूर्वजही अमेरिका खंडातूनच आले, त्यामुळे सासूबाई आणि रारामुरी आजीबाई यांच्या शेताचं नातं आपल्याला वाटतं त्याहून जवळचं आहे. सोळाव्या शतकात साआगुन नावाच्या स्पॅनिश पाद्र्याने अस्तेक बाजारात टोमॅटोवाली काय काय विकते याची यादी लिहून ठेवली, त्यात मोठे, बारीक, गोड अशा अनेक टोमॅटोंबरोबर "वाळूतले टोमॅटो" पण आहेत. हाल्तोमाते हे नाव त्याच शब्दावरून आलंय.

याची भावंडं साठ-सत्तर तरी आहेत, बहुतेक पेरू-इक्वाडोरच्या अँडीज पर्वतात, एक गालापागोस बेटांवर सुद्धा. अँडीजमधल्या काहींच्या फुलात मध चक्क लाल रंगाचा असतो, रक्तासारखा. आपल्या या उत्तरेकडच्या भावाला तसलं काही नाही, साधं फूल, मधमाश्या येतात आणि जातात.

आता बियांचं. नेऊ नका. चिवडून वाळवून पाकिटात घालून बॅगेत टाकायचं, कोण बघतंय, असं बरेच जण करतात आणि मला ते अजिबात पटत नाही. भारतात बी आणायला २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे इम्पोर्ट परमिट आणि इकडचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (बी रोग-किडीपासून मुक्त असल्याचा सरकारी दाखला) लागतं, बॅगेतलं पाकीट सरळसरळ बेकायदेशीर. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, या कुटुंबातल्या झाडांत व्हायरॉइड नावाचे रोग असतात जे बऱ्याच रानटी आणि शोभेच्या झाडांवर काहीच लक्षण दाखवत नाहीत, झाड ठणठणीत दिसतं, आणि टोमॅटो-बटाट्यावर गेले की पीक बसवतात. टोमॅटोत ते बियांतूनही जातात. सातारा जिल्ह्यात टोमॅटो-बटाट्यावर किती घरं चालतात ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यात हे बहुवर्षायू, मुळातून परत फुटणारं, पक्षी बी पसरवणार, आणि महाबळेश्वरच्या बाजूला याला हवा मानवली तर? घाणेरी पण शोभेसाठीच आणली होती.

इथे ॲरिझोनात लावायचं असेल तर बी एखाद्या स्थानिक नर्सरीतून किंवा सीड एक्स्चेंजमधून घ्या. टोमॅटोसारखंच पेरायचं पण घाई करायची नाही, टोमॅटो आठवड्यात वर येतो, हे तीन-चार आठवडे पण घेतं, आणि सगळं बी एकदम उगवत नाही. काही जण जिबरेलिक ॲसिडच्या (झाडांच्या वाढीचं संप्रेरक) पाण्यात बी भिजवून ठेवतात, त्याने उगवण सुधारते, घरगुती चार कुंड्यांसाठी मला त्याची गरज वाटत नाही. चँडलरला जमिनीत लावू नका, तुमच्या जून-जुलैच्या उन्हात डोंगरातलं झाड टिकत नाही. खोल कुंडी घ्या कारण मूळ जाड होतं, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल असं ठेवा, उन्हाळ्यात पूर्ण सावलीत. वरचं वाळलं म्हणून कुंडी फेकू नका, पाणी कमी करा आणि वाट बघा. एक झाड असलं तरी फळ धरतं, स्वतःचाच पराग चालतो त्याला. मावा आला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुवा.

सासूबाईंसाठी म्हणाल तर ऑक्टोबरात कुंडीत रसभरी लावून द्या, तुमच्याकडे हिवाळा सौम्य, थंडीची लाट आली तर तेवढी रात्र झाकायची. मार्च-एप्रिलपर्यंत त्यांच्या हातात सोलून खायला फळं येतील, आणि त्यांचा व्हिसा तोपर्यंत असेल तर राग पण जाईल.